न्हाण येतं ते कशामुळे?



मागच्या महिन्यात आम्ही माईक आणि रेकॉर्डर घेऊन एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्याचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेव्हा एका आजींनी विषय काढला. त्यांच्या नातीला बारावं लागून दोनच महिने झालेत आणि तिला पाळी आली. आजी म्हणाल्या, "मला सोळावं सरताना न्हाण आलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. तेव्हा नव्हतं आलं, मागून आलं. मग या पोरीला बाराव्यालाच कसं? काय उष्ण खाल्लं असेल हिनं?"

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मोबाईल बघतात ना, त्यानं होतं." तिसरी म्हणाली, "काही का असेना, पदर आला. आता पोरीला जपा, स्थळं यायला लागतील." बाया हसल्या. त्या पोरीची आई मात्र गप्प होती.

बैठक उठल्यावर ती आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. म्हणाली, "ताई, मला नववीत असताना आली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. वाटलं, कुठं तरी आत फाटलं. दोन दिवस लपवून ठेवलं. आणि दहावीच्या सुट्टीत माझं लग्न झालं. आता हिला मी काय सांगू?"

एसटी आली, बोलणं तिथंच राहिलं. पण तिला उत्तर द्यायचं म्हणून आम्ही वाचत बसलो, डॉक्टरताईंना विचारत बसलो. तेव्हा लक्षात आलं की बैठकीत दोन प्रश्न निघाले होते. पहिला, न्हाण येतं ते कशामुळे? आणि दुसरा, न्हाण आलं म्हणजे पोरगी कशासाठी तयार झाली? हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत. पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं, आणि त्या चुकीची किंमत पोरींनी मोजली आहे. म्हणून आज आम्ही तुम्हाला या प्रश्नांचा इतिहास सांगणार आहोत.

जुनी उत्तरं

पाळी डोळ्यांना दिसते, पण ती जिथून येते ते आत असतं. आतलं दिसत नव्हतं तोवर माणसांनी आपापल्या परीनं कारणं शोधली.

आपल्याकडच्या सुश्रुत संहितेत लिहिलं आहे की मुलीला बाराव्या वर्षानंतर रज येतं आणि पन्नाशीला ते सरतं. हे निरीक्षण किती चांगलं होतं बघा, आजही ते फारसं चुकत नाही. रज हे अन्नाच्या रसापासून तयार होतं, असं त्या वैद्यांचं म्हणणं. कारण पुरतं बरोबर नव्हतं, पण त्यांच्या लेखी ती शरीराची घडामोड होती, पाप नव्हतं.

पापाची गोष्ट दुसरीकडून आली. तैत्तिरीय संहितेत कथा आहे की इंद्रानं विश्वरूपाला मारलं आणि त्याला ब्रह्महत्येचं पाप लागलं. ते त्यानं वाटून टाकलं. थोडं जमिनीनं घेतलं, थोडं झाडांनी, थोडं बायांनी. बायांच्या वाट्याला आलेलं पाप म्हणजे पाळी. ऋषिपंचमीची कहाणी याच विचाराच्या मागून आली. पाळीत घरकाम केलं म्हणून त्यातली बाई पुढच्या जन्मी कुत्री होते. बैलाच्या कष्टाचं न खाता आपण त्या दिवशी ऋषीची भाजी करतो. भाजी चांगली असते, तिला आमची काही हरकत नाही. पण कहाणी ऐकत बसलेल्या बारा वर्षांच्या पोरीला त्यातून काय कळतं? की आपल्या अंगात काहीतरी दोष सुरू झाला.

हे न मानणारेही आपल्याच मातीत होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना सांगितलं की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसंच हेही शरीरातून येतं, यात विटाळ कसला? त्यांच्या पंथात बाया शिकत होत्या, प्रश्न विचारत होत्या. पुढच्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाबद्दल उघड प्रश्न केला. सातशे वर्षांपूर्वी जे बोलून झालं, ते आपल्या लोणच्याच्या बरणीपर्यंत अजून पोचायचं आहे.

आणि लोणच्याची भीती आपलीच आहे असं समजू नका. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या प्लिनी नावाच्या विद्वानानं लिहून ठेवलं होतं की पाळीतल्या बाईमुळे दारू आंबते, पीक वाळतं, आरसा अंधुक होतो. बरं, ते जुनं झालं. पण १९२० मध्ये व्हिएन्ना शहरात बेला शिक नावाचे डॉक्टर होते. घटसर्पाची चाचणी शोधून काढणारे, मोठ्या नावाचे. त्यांच्याकडच्या मोलकरणीनं पाण्यात ठेवलेली फुलं कोमेजली आणि तिला पाळी आली होती, एवढ्यावरून त्यांनी पाळीच्या रक्तात विष असतं असं मांडलं. पुढं कित्येकांनी तपासून पाहिलं, ते विष काही टिकलं नाही. पाळीत जातं ते आपलं नेहमीचंच रक्त आणि त्याबरोबर गर्भाशयाचं आतलं मऊ अस्तर. सगळ्या दिवसांचं मिळून साधारण ३० ते ८० मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान कपही भरत नाही.

चंद्राचंही असंच आहे. महिन्याला येते म्हणून ती चंद्रामुळे येते, असं अनेक देशांत मानलं जायचं. पण आपल्याच गटात बघा. पंधरा बाया असतील तर पंधराजणींच्या तारखा वेगळ्या. चंद्र तर सगळ्यांना एकच आहे.

गरम हवा, लवकर न्हाण?

उष्णतेनं पाळी लवकर येते, हा आजींच्या मनातला समज युरोपातही होता, आणि तो चांगल्या जाडजूड पुस्तकांत छापलेला होता. १७४८ मध्ये फ्रान्सच्या मोंतेस्क्यूनं कायद्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं म्हटलं की उष्ण देशांतल्या मुली आठव्या, नवव्या, दहाव्या वर्षीच लग्नाला तयार होतात. म्हणजे आपल्याकडचे बालविवाह ही हवेची करणी. हवा कुणी बदलू शकत नाही, त्यामुळे दोषही कुणाचा नाही.

पुढं शंभर वर्षांच्या आत इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात जॉन रॉबर्टन नावाचे एक शल्यचिकित्सक होते. बाळंतिणींच्या दवाखान्यात काम करत. त्यांनी एक साधी गोष्ट केली. बायांना विचारलं, "तुम्हाला पहिली पाळी कितव्या वर्षी आली?" आणि उत्तरं लिहून काढली. थंड मँचेस्टरमध्येही कुणाला अकराव्या वर्षी आली होती तर कुणाला अठराव्या. मग १८३० आणि १८४० च्या दशकांत त्यांनी मिशनरी आणि डॉक्टरांना पत्रं लिहून वेस्ट इंडीज, हिंदुस्थान आणि उत्तरेकडचे बर्फाळ प्रदेश इथूनही माहिती मागवली. त्यांचा निष्कर्ष असा की हवेनं फार फरक पडत नाही. हिंदुस्थानात मुलींची लग्नं लवकर होतात ती रिवाजामुळे, उन्हामुळे नव्हे.

रॉबर्टन यांची मोजणी आजच्या मानानं कच्ची होती. पण तोवर विद्वान मंडळी बायांविषयी लिहीत होती, बायांना विचारत नव्हती. त्यांनी विचारलं.

न्हाण आणि सासर

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. आपल्या पणज्यांच्या काळात, विशेषतः वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींत, मुलीचं लग्न न्हाण येण्याआधीच झालेलं असे. आठ, नऊ, दहा वर्षांची नवरी. न्हाण आलं की तिला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गाणी म्हणायची, गोडधोड करायचं. ऐकायला छान वाटतं. पण त्या सोहळ्यामागचा अर्थ असा होता की आता हिला नवऱ्याच्या खोलीत पाठवायला हरकत नाही. त्याला गर्भाधान म्हणत. पहिलं न्हाण आलं की थोड्याच दिवसांत तो संस्कार झाला पाहिजे, नाहीतर पाप लागतं, असं कित्येक शास्त्री सांगत.

कल्याणची यमुना जोशी, म्हणजेच पुढच्या डॉक्टर आनंदीबाई, १८६५ मध्ये जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी बाळंतपण. बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. ते दुःख घेऊन ती शिकायला अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिचं नाव आपल्याला माहीत आहे. चौदाव्या वर्षी पदर ओला झालेल्या बाकीच्या हजारो पोरींची नावं कुणालाच माहीत नाहीत.

दुसरी मुंबईची रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, आणि काही महिन्यांतच तिला न्हाण आलं. रिवाजाप्रमाणे तिला नवऱ्याकडे पाठवायला हवं होतं. पण तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः डॉक्टर होते. त्यांनी इतक्या लवकर गर्भाधान होऊ दिलं नाही. रखमाबाई माहेरी राहिली, वाचत राहिली, आणि मोठी झाल्यावर म्हणाली, माझ्या संमतीशिवाय झालेलं हे लग्न मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं हुकूम दिला की सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढं ती इंग्लंडला शिकून डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोट इथं तिनं वर्षानुवर्षं बायांवर उपचार केले. हे सगळं घडू शकलं, कारण घरातल्या एका माणसाला कळत होतं की पाळी आली तरी पोरगी लहानच आहे.

तिकडं बंगालमध्ये फुलमणी दासीला असं कुणी मिळालं नाही. १८९० मध्ये ती दहा-अकरा वर्षांची होती. पाळी आलेली नव्हती. पस्तिशीच्या नवऱ्यानं जबरदस्ती केली आणि रक्तस्राव होऊन ती गेली. कायद्यानं संमतीचं वय तेव्हा दहा होतं, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हाच लागू झाला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पन्नासहून जास्त स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवला. आपण दवाखान्यात कसकशा पोरी पाहिल्या ते त्यांनी त्यात लिहिलं.

मग संमतीचं वय दहावरून बारा करण्याचं विधेयक आलं, आणि देशभर वाद पेटला. विरोध करणारे म्हणत, बाराच्या आत न्हाण आलं तर गर्भाधान कसं करायचं? सरकार धर्मात हात घालतंय. पुण्यात टिळकांनी विरोध केला. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांचाच आधार घेऊन दाखवलं की गर्भाधान पुढं ढकलता येतं. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. वय किती, तर बारा. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या बारा वर्षांसाठी केवढं रान उठलं होतं.

आम्ही हे वाचत होतो तेव्हा एक गोष्ट मनात घर करून राहिली. शास्त्री, पुढारी, न्यायाधीश, डॉक्टर सगळे पहिल्या पाळीवरून भांडत होते. आणि पहिली पाळी कशामुळे येते हे त्या वेळी त्यांच्यापैकी एकालाही नीट ठाऊक नव्हतं. जगातच कुणाला नव्हतं.

हुकूम कुठून येतो?

ते कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं लागली. समजायला सोपं जावं म्हणून आपण आपल्या पाटाच्या पाण्याचं उदाहरण घेऊ. शेतात पाणी येतं ते चारीतून, चारीत येतं पाटातून, पाटात येतं धरणातून. शेतात बसलेल्या माणसाला वाटतं पाणी चारीनं दिलं. पण आवर्तन सोडायचं कधी हे वरच ठरतं. पाळीचा शोधही असाच खालून वर गेला.

गर्भाशय म्हणजे आपलं शेत. रक्त तिथून येतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथंच होतं. पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की बाईचे अंडाशय, म्हणजे बीजकोष, काढले तर गर्भाशय जागेवर असूनही पाळी बंद होते. १८९६ ते १९०१ च्या दरम्यान व्हिएन्नातल्या एमिल क्नाउअर आणि योझेफ हाल्बन या डॉक्टरांनी जनावरांवर प्रयोग केले. बीजकोष काढून शरीरात दुसरीकडेच लावला. तरी गर्भाशय वाळलं नाही, आपलं काम करत राहिलं. म्हणजे बीजकोष गर्भाशयाला जो निरोप पाठवतो तो रक्तातून जातो. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणीच्या बीजकोषातला द्रव घेऊन दाखवलं की त्यात तो निरोप आहे. त्यालाच आज इस्ट्रोजेन हार्मोन म्हणतात.

पण मग बीजकोषाला कोण सांगतं? बीजं तर मुलीच्या अंगात जन्मापासून असतात. आईच्या पोटात असतानाच ती तयार होतात. मग ती दहा-बारा वर्षं गप्प का बसतात? १९२६-२७ मध्ये बर्लिनमध्ये झोंडेक आणि आशहाइम यांनी, आणि अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी, मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीचा तुकडा लहान उंदरिणीच्या अंगात बसवला. ती काही दिवसांतच वयात आली. म्हणजे बीजकोष आधीपासून तयार असतो, तो वरच्या हुकुमाची वाट बघत असतो.

मग पिट्यूटरीला हुकूम कोण देतं? १९५२ मध्ये इंग्लंडचे जेफ्री हॅरिस आणि स्वीडनच्या डोरा याकोबसोन या संशोधक बाईंनी फार सुंदर प्रयोग केला. मोठ्या उंदरिणीची पिट्यूटरी काढली आणि तिच्या जागी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची बसवली. ती ग्रंथी वाढेपर्यंत वर्तुळ थांबायला हवं होतं, पण तसं झालं नाही. पिल्लाच्या ग्रंथीनं मोठ्या उंदरिणीचं चक्र चालू केलं. म्हणजे ग्रंथीचं वय महत्त्वाचं नाही. ठरवतो तो तिच्यावरचा मेंदू.

आता फक्त मेंदूचा निरोप सापडायचा होता. तो १९७१ मध्ये सापडला, आणि त्याबद्दल शॅली आणि गिमाँ या शास्त्रज्ञांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. १९८० मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निरोप लहान माकडिणींना तासातासाला, थोडा थोडा दिला. त्या वयात आल्या, त्यांना पाळी आली. निरोप थांबवला, त्या परत लहान झाल्या.

अलीकडं २००३ मध्ये पॅरिस आणि बॉस्टनच्या संशोधकांना कळलं की मेंदूतल्या या तासातासाच्या निरोपाला जागं करणारं आणखी एक द्रव्य आहे, किसपेप्टिन नावाचं. त्याचा निरोप घेणाऱ्या भागात जन्मजात बिघाड असेल तर माणूस आपणहून वयातच येत नाही. नाव गमतीचं आहे. अमेरिकेतल्या ज्या गावात त्याचं जनुक पहिल्यांदा सापडलं, ते गाव 'किसेस' नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे.

तर मैत्रिणींनो, पहिली पाळी अशी येते. मेंदू पिट्यूटरीला सांगतो, पिट्यूटरी बीजकोषाला सांगते, बीजकोष गर्भाशयाला सांगतो. गर्भाशयात अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर गळून पडतं. यात कुठंही पाप नाही, नजर नाही, चंद्र नाही, मोबाईल नाही.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर

मग आजींना सोळाव्या वर्षी आणि नातीला बाराव्या वर्षी का? मेंदू आवर्तन सोडण्याआधी धरणात पाणी किती आहे ते बघतो. पोरीचं अंग किती भरलंय, वर्षानुवर्षं पोटाला काय मिळालं, आजारपणं किती झाली, हे त्याला कळतं. थोडा वाटा आई-आजीकडून आलेल्या घडणीचाही असतो.

याचा पुरावा इतिहासात आहे. युरोपात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुलींना पहिली पाळी साधारण सोळा-सतराव्या वर्षी यायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेरावर आलं. तिथली हवा काही गरम झाली नव्हती. पोटभर खायला मिळू लागलं, स्वच्छ पाणी आलं, साथी कमी झाल्या. उलटही झालं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा कितीतरी बायांची पाळी थांबली. अन्न मिळू लागल्यावर ती परत सुरू झाली.

एका बाईच्या आठवणीवरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण आजी, खडी फोडणाऱ्या आणि सुकडीवर जगणाऱ्या पोरीचं अंग थांबून राहिलं असेल, तर त्यात नवल काय? तुमच्या नातीला लवकर आली ती तिनं अंडं किंवा पपई खाल्ली म्हणून नव्हे. एका पदार्थानं पाळी येत नाही. तुमच्या हातचं खाऊन पोरगी चांगली वाढली, हे त्यातलं मोठं कारण. हल्ली काही मुलींत वजन फार वाढल्यानंही ती थोडी लवकर येते, तेव्हा पाकिटातलं तळकट थोडं कमी करा, पण पोरीचं अंडं-दूध "उष्ण" म्हणून बंद करू नका. पाळी सुरू झाल्यावर रक्त जातं, तेव्हा तर तिला जास्त लोह लागतं. पालेभाजी, डाळ, बाजरी, शेंगदाणा-गुळाचा लाडू चालू राहू द्या.

दहा ते पंधरा या वयात कधीही पाळी आली तर ते नेहमीचंच समजायचं. पण आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, किंवा तेरापर्यंत अजिबात वाढली नाही, किंवा पंधरा सरूनही पाळी आली नाही, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवा. रक्त आठ दिवसांपेक्षा जास्त जात असेल तरी दाखवा.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं

न्हाण आलं म्हणजे पोरगी कशासाठी तयार झाली? आता याचंही उत्तर देता येतं. पहिली पाळी म्हणजे आवर्तन पहिल्यांदा सुटलं, एवढंच. सुरुवातीची एक-दोन वर्षं पुष्कळ महिने बीज सुटतच नाही, म्हणून पाळी मागंपुढं होते. उंची अजून थोडी वाढायची असते. कमरेची हाडं, ज्यातून बाळाला यायचं असतं, ती पुढची काही वर्षं रुंद होत राहतात. गर्भ मात्र या काळातही राहू शकतो, आणि तेच धोक्याचं आहे. स्वतः वाढणाऱ्या अंगाला दुसरं अंग वाढवायला लावायचं, याचा ताण आई आणि बाळ दोघांवर येतो. डॉ. सखाराम अर्जुन दीडशे वर्षांपूर्वी हेच ओळखून अडून बसले होते.

कायदा हळूहळू सरकत आला. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं, २००६ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा नवा कायदा आला. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या गटात त्या वयाच्या दहाजणी असतील, तर त्यातल्या दोघी. "पदर आला, स्थळं बघा" हे वाक्य अजून चालू आहे. मखर गेलं, पण त्यामागचा हिशोब राहिला.

फाट्यावर आमच्याशी बोललेल्या त्या बाईंना आम्ही नंतर निरोप पाठवला. जमेल तेव्हा लेकीला जवळ घेऊन बसा. तिला सांगा की आत काही फाटलं नाही, तुझ्या मेंदूनं ठरवलं की तू नीट वाढते आहेस. कपडा किंवा पॅड कसं घ्यायचं, किती तासांनी बदलायचं, कुठं टाकायचं, ते दाखवा. कापड असेल तर उन्हात वाळवायला सांगा. पोट दुखलं तर शेक द्या, फार दुखलं तर दवाखाना. शाळा चुकवायची नाही. आणि हेही सांगा की लग्नाचा विषय या घरात इतक्यात निघणार नाही. धाकटी असेल तर तिला आधीच सांगून ठेवा. रक्त दिसायच्या आधी कळलेलं असलं म्हणजे पोर घाबरत नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, सांगितलं. सासूबाई पण शेजारी बसल्या होत्या, त्यांनी पण ऐकलं. आणि पोरीनं काय विचारलं, तर, "आई, तुला कुणीच सांगितलं नव्हतं?"

तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? पुढच्या बैठकीत हप्ता जमा झाला की हा लेख मोठ्यानं वाचा, आणि एकमेकींना विचारा. काय निघालं ते आम्हाला कळवा. आपण पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.